'मुलीला एरर आला की अख्खी टीम धावते' हा जोक ग्रुपवर चालू द्यावा का? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतेय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही पुण्यात टीम लीड आहात, अकरा जणांची टीम, त्यात तीन मुली. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ते नेहमीचं मीम टाकलं, मुलगी म्हणते "एरर येतोय" तर सगळे खुर्च्या ढकलत धावतात, मुलगा म्हणतो "एरर येतोय" तर उत्तर येतं "गूगल कर". सात-आठ जणांनी हसून घेतलं, त्यात एक मुलगीही होती. आणि तिघींपैकी जी नवीन आहे ती रात्री ग्रुपमधून बाहेर पडली, सकाळी तुम्ही विचारलंत तर म्हणाली फोनची मेमरी भरली होती. आता तुम्हाला कळत नाहीये की असे जोक बंद करायचे, की तुम्हीच जास्त विचार करताय, आणि पोरांवरचे जोक सगळ्यांना चालतात तर हाच का खटकला.

मी या लाईनमध्ये २००२ पासून आहे. सी प्लस प्लस, मग जावा, आता आर्किटेक्ट म्हणवतात म्हणजे डबे आणि बाण काढते. मधली आठ-नऊ वर्षं टीम सांभाळल्या. त्यावरून सांगते, "बंद करायचे का" हा प्रश्न मला जरा बाजूचा वाटतो. बघायचं ते एवढंच की जोक ग्रुपवरच राहतो का कामात उतरतो. ग्रुपवर राहिला तर फार तर रटाळ जोक, आपण सगळेच रोज असले दहा सहन करतो. पण कुठलं टिकेट, म्हणजे नोंदवलेलं काम, कोणाला द्यायचं, कोडच्या रिव्ह्यूत कोणाचं ऐकायचं, क्लायंट कॉलवर कोण बोलणार हे जर त्या जोकच्या हिशोबाने ठरायला लागलं तर ती तुमची अलोकेशन पॉलिसीच, म्हणजे कामवाटपाची पद्धतच, झाली म्हणायची.

आणि हे आधीच कबूल करते की मी तुमची टीम बघितलेली नाही. पाच वर्षं एकत्र घासलेल्या, निम्म्या बायका असलेल्या टीममध्ये हेच मीम पडलं असतं तर एखादीने उलट दोन टाकली असती आणि विषय संपला असता. तुमच्याकडे ती तिघींतली एक आहे, नवीन आहे, बहुतेक प्रोबेशनवर आहे. मीम कोणी टाकलं तेही तुम्ही लिहिलं नाहीत, आणि टाकणारा तिच्या बरोबरीचा आहे का तिचा कोड अप्रूव्ह करणारा सीनियर आहे यावर बरंच अवलंबून आहे.

आता ते मीम. गंमत म्हणजे ते नीट बघितलं तर हसू पोरांवर आहे, त्यांच्या धावण्यावर. टाकणारा शप्पथ घेऊन सांगेल की अरे मी तर पोरांनाच चिडवलं, आणि तो खोटं बोलत नसेल. पण हसण्याआधी एक गोष्ट गृहीत धरावी लागते, की मुलीचा एरर ती स्वतः सोडवत नाही. ते गृहीत धरल्याशिवाय जोक चालूच होत नाही, त्याचा जोक त्यावरच उभा आहे, आमच्या भाषेत डिपेंडन्सी. आणि हसू पोरांवर असलं तरी बिल मुलीच्या नावावर फाटतं.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझ्या पहिल्या कंपनीत ट्रेनी असताना मी खरंच "एरर येतोय" म्हटलं की तीन-चार जण यायचे. चांगली मुलं होती, आजही दोघं मित्र आहेत. पण व्हायचं काय की त्यातला एक जण "थांब, दे इकडे" म्हणून कीबोर्ड ओढून घ्यायचा, फटाफट दहा कमांड मारायचा, "झालं बघ" म्हणायचा आणि सगळे चहाला. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला मात्र "डीबगर लाव ना रे" म्हणून हाकलायचे, तो बिचारा रात्री नऊपर्यंत बसायचा. सहा महिन्यांनी त्याला कोअर डंप, म्हणजे प्रोग्रॅम कोसळताना मेमरीत काय होतं त्याची फाईल, वाचता येत होता आणि मला थँक्यू म्हणता येत होतं. मग अप्रेजलला मॅनेजर म्हणाला तुला अजून इंडिपेंडंटली काम जमत नाही, आणि ते खरं होतं हो! त्याचा राग मला मॅनेजरपेक्षा स्वतःचाच जास्त आला होता. पुढे मी एकटीने रात्री बसून ते शिकले पण एक वर्ष गेलंच.

म्हणून माझ्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून एकच नियम, मदतीला जा पण कीबोर्डला हात लावायचा नाही. ज्याचा एरर त्याचा कीबोर्ड, बाकीच्यांनी तोंडाने सांगायचं. मुलगा असो मुलगी असो. सुरुवातीला सीनियर लोक वैतागतात, कारण टाईप करणं सोपं आणि समजावणं अवघड. पण हा नियम लागू केला की तुमचं ते मीम आपोआप शिळं होतं, धावत गेलेला माणूस मागे हात बांधून उभा असतो.

मग कुठले जोक चालतात? मी एक साधी गोष्ट करून बघते, माणसं उलटीपालटी करते. तो जुना जोक घ्या, बायको प्रोग्रामर नवऱ्याला सांगते, एक लिटर दूध आण आणि अंडी असली तर सहा आण. नवरा सहा लिटर दूध घेऊन येतो. का? तर अंडी होती. आता आमच्या घरात प्रोग्रामर मी आहे आणि सांगणारा नवरा, जोकचा केसही वाकडा होत नाही, कारण तो वाक्यरचनेवर आहे, इफ, म्हणजे 'जर', कुठल्या वाक्याला लागलाय त्यावर. नवरा-बायको फक्त पात्रं आहेत, आई आणि मुलगी घातली तरी चालेल.

याउलट तुम्हाला ते ईमेल फॉरवर्ड आठवत असेल, 'गर्लफ्रेंड ५.०' वरून 'वाइफ १.०' ला अपग्रेड केलं तर सगळे प्रोग्रॅम स्लो झाले, अनइन्स्टॉल होत नाही वगैरे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा महिन्यातून दोनदा यायचं. त्याचं नवऱ्यावरचं रूपही फिरायचं, म्हणजे उलटं करून बघायची परीक्षा तो पास होतो. तरी मला त्यात मजा वाटत नाही, कारण त्यात कॉम्प्युटर नुसता कपड्यापुरता आहे, आत तोच लग्नावरचा जुना जोक. अर्थात मजा न वाटणं वेगळं आणि आक्षेप घेणं वेगळं, ते फॉरवर्ड आलं म्हणून मी कधी कोणाला बोलले नाही. फक्त नवीन लोकांच्या इंडक्शनच्या स्लाईडवर एकाने तो घातला होता तेव्हा काढायला लावला, कारण तिथे समोरची मुलं-मुली आपला धंदा काय आहे हे पहिल्यांदा ऐकत असतात.

आणि लिंगावरचे जोक सगळेच टाकाऊ असं अजिबात नाही. आमच्याकडे एकदा भांडण लागलं होतं की "एरर आला" म्हणायचं का "एरर आली". नागपूरचा एक, कोल्हापूरची एक, सगळे आपापल्या घरचं बरोबर म्हणून अडून बसले. सर्व्हर पडला, साइट पडली, ॲप बंद पडलं, तिन्ही लिंगं एका आउटेजमध्ये. तेव्हा टेस्टिंगमधली एक जण शांतपणे म्हणाली, "बग तो, म्हणजे मुलांची चूक. एरर ती, म्हणजे मुलींची चूक. आणि फिक्स करणं नपुंसकलिंगी, म्हणून ते कुणाचंच काम नाही." दोन वर्षं आमच्याकडे प्रोडक्शनला काही फुटलं की कोणीतरी "नपुंसकलिंगी आलंय" म्हणायचं आणि कोणाला तरी उचलावंच लागायचं. यात कोणी कमी पडलं नाही आणि टोमणा बरोबर जागी लागला, आम्हा सगळ्यांच्या कामचुकारपणाला.

आता थोडं मागे जाते, कारण "मुलींना कोडिंग जमत नाही" हा जोक आपला नाहीच, मीममधून आयात झालाय. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजात काय चालायचं आठवा. मेकॅनिकलवाले वर्गात मुलगी नाही म्हणून गळा काढायचे आणि कॉम्प-आयटी म्हणजे मुलींची ब्रँच, एसीत बसायचं, हात काळे होत नाहीत. घरचेही म्हणायचे मुलीला कॉम्पलाच टाका. आपल्या बाजूचा टोमणा वेगळाच होता, "मुलींना व्हायवात मार्क देतात". म्हणजे महाराष्ट्रात ही मुलींची ब्रँच आणि अमेरिकन मीममध्ये ही मुलींना न झेपणारी ब्रँच, आणि आपली पोरं एकाच दिवशी दोन्हीवर हसतात. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघितले तर आपल्याकडे आयटीत साधारण ३६ टक्के बायका आहेत, तेव्हा टीममध्ये तीनच मुली असणं हे पण काही निसर्गाने ठरवलेलं नाही.

अमेरिकेतसुद्धा हे आधी उलटंच होतं. १९४६ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियाक हा सुरुवातीचा कॉम्प्युटर जगाला दाखवला तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलेलं होतं, वायरी आणि स्विच लावून, तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित. डेमो जोरात झाला आणि रात्रीच्या मेजवानीला या सहा जणींना बोलावणंच नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी त्यांचे फोटो बघून लोकांना वाटायचं की या मशीनशेजारी उभ्या केलेल्या मॉडेल असणार, फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. १९६७ मध्ये कॉस्मोपॉलिटन मासिकात बायकांनी प्रोग्रामर व्हावं म्हणून लेख आला, त्यात खुद्द ग्रेस हॉपर, या क्षेत्रातल्या आद्य प्रोग्रामरपैकी एक, सांगत होत्या की हे काम जेवणाचा बेत आखण्यासारखं आहे, सगळं आधी ठरवून वेळेवर तयार ठेवायचं, बायकांना हे उपजतच जमतं. बघा म्हणजे, तेव्हा स्वयंपाक येतो म्हणून कोडिंग जमेल आणि आता "जा, स्वयंपाक कर". १९८४ च्या आसपास तिकडे कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत ३७ टक्के मुली होत्या, पुढे ते प्रमाण वीसच्या खाली आलं. बायकांचे मेंदू मध्येच बदलले नसावेत.

जोक कामात उतरतो म्हणजे काय, याचं एक उदाहरण आमच्या लॅबमध्येच होतं. बी.ई.चा प्रोजेक्ट इमेज कॉम्प्रेशनचा. इमेज प्रोसेसिंग केलेल्या प्रत्येकाला 'लेना' माहीत आहे, हॅट घातलेली, मागे वळून बघणारी बाई, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा फोटो, ज्यावर सगळे आपले प्रोग्रॅम तपासून बघतात. आम्हाला वाटायचं असेल कोणीतरी. मग एका मुलाला नेटवर पूर्ण फोटो सापडला. तो प्लेबॉयच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकातला मधल्या पानाचा फोटो होता, १९७३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांना टेस्ट इमेज हवी होती तर त्यांनी समोर असलेला हाच स्कॅन केला, खांद्यापर्यंत कापून. त्या दिवशी अख्खी लॅब एका मॉनिटरभोवती जमून हसत होती आणि आम्ही दोघी-तिघी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून कोड वाचल्यासारखं करत होतो, जो कंपाईलसुद्धा होत नव्हता. कोणी आम्हाला काही वाईट बोललं नाही. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशनला मलाच त्या फोटोचा सिग्नल-टू-नॉईज रेशो, म्हणजे कॉम्प्रेशननंतर फोटो किती शाबूत राहिला ते, सांगायचा होता आणि मागच्या बाकावर खुसखुस चालली होती, ते अजून आठवतं. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या इंजिनिअरांच्या संस्थेने तो फोटो असलेले पेपर घेणं बंद केलं १ एप्रिल २०२४ पासून. म्हणजे कोणाच्या तरी टेबलावरच्या मासिकाचा मामला निस्तरायला पन्नास वर्षं लागली.

पोरांवरच्या जोकचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण ते चालतात असं तुम्हाला वाटतंय. आंघोळ न करणारा, हुडी घालून अंधारात बसणारा, पोरीशी बोलता न येणारा कोडर. याचा उगमही मजेशीर आहे, १९६६ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रामर लोकांचा अभ्यास करून निष्कर्ष काढला की यांना माणसांत रस नसतो, आणि भरती करणाऱ्यांनी तसलेच लोक शोधायला सुरुवात केली. माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, "याचं लग्न कमांड लाईनशीच होणार" हे त्याच्यावर रोज चालायचं आणि तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा. मी पण हसायचे. त्याने राजीनामा दिला तेव्हा एक्झिट इंटरव्ह्यूत एचआरला सांगितलं की क्लायंट कॉलला मला कधी घेतलंच नाही, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की मला बोलता येत नाही. लिस्ट मीच करायचे. जोक माझ्या अलोकेशनमध्ये शिरलेला मला दिसला नव्हता, आणि तेव्हा मी स्वतःला या विषयातली शहाणी समजत होते!

ती हसणारी मुलगी, तिच्यावरून "बघा, तिला चालतं" असं अनुमान काढू नका. मीही पहिली चार-पाच वर्षं तशीच होते. मुलींच्या ड्रायव्हिंगवर, मुलींच्या कोडवर सगळ्यात तिखट जोक माझे असायचे. अकरात तिसरी असलं की ग्रुपमध्ये जागा मिळवायचा तो सगळ्यात स्वस्त रस्ता असतो, "मी काय इतर मुलींसारखी नाही". तिला वाईट ठरवू नका आणि तिला साक्षीदारही करू नका.

एवढ्यावर तुम्ही काय करावं ते सांगते. पॉलिसीची मेल पाठवू नका, तिचा पुढच्या अर्ध्या तासात मीम होतो आणि सगळ्यांना कळतं की कोणामुळे आली. ज्याने टाकलं त्याच्याशी एकट्याशी बोला, चहाच्या टपरीवर, दोन वाक्यं: "अरे, नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात असं काही दिसलं की ती प्रश्न विचारायचं बंद करते, मग बग मला रात्री बारा वाजता कळतो. नको टाकूस." कारण कामाचं द्या, ते त्याला पटेल, आणि ते खरंही आहे. सगळ्यांसमोर "समजलं नाही, जरा जोक समजावून सांग" हा उपाय लोक सांगतात, मी एकदा केला, एका ज्युनियर पोरावर. जोक मेला पण पोरगंही मेल्याहून मेल्यासारखं झालं, महिनाभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. बरोबरीच्या माणसावर वापरा, हाताखालच्यावर नको.

चव्हाट्यावर नेण्याचं तर नकोच. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॉन्फरन्सला प्रेक्षकांत दोन पुरुष डाँगलवरून (कॉम्प्युटरला लावायचं छोटं उपकरण) चावट बोलत होते, पुढे बसलेल्या बाईने त्यांचा फोटो काढून ट्विटरवर टाकला. शेवट असा झाला की त्यातल्या एकाची नोकरी गेली आणि इंटरनेटवरच्या झुंडीने धुमाकूळ घातल्यावर तिचीही गेली. तिचं चुकलं का यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही, मला त्यातून इतकंच कळलं की गोष्ट एकदा अनोळखी लोकांच्या हातात गेली की कोणाच्याच हातात राहत नाही.

मुलीशी बोलताना "तुला वाईट वाटलं का" विचारू नका, उत्तर "नाही सर" येणार, फोनच्या मेमरीचं आलंच की. त्यापेक्षा विचारा की सध्या कुठे अडकलीयेस आणि कोण मदत करतंय, कशी करतंय. कीबोर्ड कोणाच्या हातात असतो ते त्यातून कळेल.

एक मर्यादा मात्र पक्की ठेवा. बोलणं शरीरावर, कपड्यांवर, लैंगिक अर्थाचं असेल तर तो तुमच्या विनोदबुद्धीचा विषय उरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला ऑफिसात सगळे पॉश म्हणतात, त्यात लैंगिक शेरेबाजी सरळ छळाच्या व्याख्येत आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. ग्रुप खाजगी आहे, ऑफिसबाहेरचा आहे असे निकाल तुम्ही देऊ नका, ते समितीला ठरवू दे. तुमचं हे मीम त्यात बसतंय असं मला वाटत नाही.

आणि एक तास काढून जिरा, म्हणजे टीमची कामं नोंदायचं सॉफ्टवेअर, उघडा, गेल्या सहा महिन्यांचं. प्रोडक्शनचे क्रिटिकल बग कोणाकडे गेले, डिझाईन कोणी केलं, टेस्ट केस आणि डॉक्युमेंटेशन कोणाकडे, मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं. एथनिक डेची रांगोळी आणि केक आणणं जिरात नसतं, ते आठवून मांडा. तिघींच्या नावापुढे एकाच प्रकारची कामं दिसली तर मीमपेक्षा मोठं काम तुमच्यासमोर आहे. नाही दिसली तर तुमची टीम बरीच बरी आहे, एवढे घाबरू नका.

शेवटी तुम्ही विचारलंत की तिला ग्रुपमध्ये परत ॲड करू का. नको. पण तुमच्या प्रश्नात एक ओळ सहज येऊन गेलीये की रिलीजच्या वेळा आणि सर्व्हर डाऊनचे मेसेजही याच ग्रुपवर असतात. म्हणजे ती बाहेर पडल्यापासून तिला डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड चालू सर्व्हरवर चढवणं, कधी आहे तेही कळत नसणार, आणि एखाद्या शुक्रवारी ती नेमकी गैरहजर राहील आणि कोणीतरी म्हणेल "मुलींना रिलीजचं सिरियसनेसच नाही". कामाचा ग्रुप आज संध्याकाळीच वेगळा काढा, ऑफिसच्या चॅटवर, अकराच्या अकरा जणांचा. मीमचा ग्रुप राहू दे ज्यांना हवा त्यांना, त्यात कोण आहे कोण नाही ते तुम्ही बघूही नका.